तीन दिवसांची बेगमी

माझ्या नवऱ्यानं, अतुलनं, चँडलरच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात बावीस वर्षं एकच काम केलं: किती माल वाया जाईल, ते आधी सांगायचं. लेऑफनंतर आता तो लास व्हेगसच्या व्हिडिओ पोकरचा, म्हणजे मशीनवरच्या पत्त्यांच्या जुगाराचा, अंदाज बांधत बसतो. तासाला सहाशे डाव, रोज आठ तास, तीन दिवस; डावाला अडीच डॉलर, शंभरामागे साडेपाचचा तोटा; म्हणजे दोन हजार डॉलर न्यायचे. वर जुन्या सवयीनं वीस टक्के जास्तीचे.

परवा मी त्याचा लॅपटॉप धाडकन मिटला.

"यात जिंकायचा कॉलम कुठाय?"

"जिंकतं मशीनच, रुपाली. पैसे फक्त तीन दिवस पुरायला हवेत."

"मग कशाला मरायला जातोस?"

"इथे तीन दिवस कसे काढायचे, ते तू सांग."

मी त्याची बॅग भरायला घेतली.