कोरड्या न्हाणीतलं रेकॉर्डिंग

भूतखेत मी मानत नाही. चौकात कुणीतरी उतरवून टाकलेलं लिंबू घरी आणून मी त्याचं सरबत केलेलं आहे... बायको प्यायली नाही, एवढंच. लातूरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो आणि हौस म्हणून घरच्या न्हाणीत गाणी रेकॉर्ड करतो. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नळाला तेवीस दिवस थेंब नव्हता, त्यामुळे न्हाणी रिकामीच — भिंतींना गाद्या टेकवल्या की बरा स्टुडिओ.

एका दुपारी शिरूर अनंतपाळहून गंगाधरकाका आले. आरोग्य खात्यातले निवृत्त ड्रायव्हर, जन्मभर भीमगीतं गायलेले. दोन दिवसांनी नांदेडला घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगेनात. त्याआधी स्वतः रचलेलं एक गाणं धड रेकॉर्ड व्हावं, एवढीच इच्छा. गाणं आईवर. विहिरीला शिवायची मुभा नव्हती, म्हणून घागर घेऊन ती काठापासून लांब बसायची — कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी.

सोबत जावई. नवीन जिल्हा निर्मिती समितीचे अध्यक्ष. सासराही त्यांना अध्यक्षच म्हणायचा.

"सर, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झवर घ्या," अध्यक्ष म्हणाले. "आपला जिल्हा होऊन राहिला. दर्जा पाहिजे."

मी समजावलं. सॅम्पल रेट म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो आकडा. माणसाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकू येतं. त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मोजलं की भागतं. म्हणून सीडीला ४४.१ हजार, व्हिडिओला ४८.

"एकशे ब्याण्णव वटवाघळांसाठी ठीक. त्यांचं मतदान असतं का?"

"चेष्टा नका करू, सर."

मी ४८ वर लावलं आणि एकशे ब्याण्णव लावलं म्हणून सांगितलं. अध्यक्षांचं समाधान झालं.

काका एकदाच गायले. "दुसऱ्यांदा जमायचं न्हाई," म्हणाले, आणि घसा धरून बसले.

फाइल वाजवली. तिसऱ्या कडव्याखाली पाणी पडत होतं... भांडं भरत जाताना चढतो तसा चढत जाणारा आवाज. कडवं संपताना काठोकाठ येऊन थांबला.

माझा पहिला संशय सॅम्पल रेटवर. रेकॉर्डिंगचं मशीन ४४.१ वर आणि कॉम्प्युटर ४८ वर असला तर टिकटिक येते, नाहीतर गाणारा पातळ, घाईच्या आवाजात गातो. दोन्हीकडे ४८ होतं. गाताना मोबाइलवर लावलेला तानपुरा पुन्हा लावून पाहिला, काकांचा सूर त्याच्याशी तंतोतंत. नळ सोडून पाहिला — फुस्स.

तेवढ्यात शेजारच्या महादेवीमावशी दारात, काखेत घागर. मागं आणखी चौघी.

"सर, नळ आला अन् सांगितलं न्हाई?"

कोरडा नळ दाखवला. विश्वास बसेना, म्हणून फाइल ऐकवली. मावशींनी घागर खाली न ठेवता पूर्ण ऐकलं.

"पितळी घागर हाय ही," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं तर समदं प्लास्टिक."

काकांनी तिसरं कडवं पुन्हा लावायची खूण केली.

"काढून टाका, सर," अध्यक्ष म्हणाले. "सभेत वाजवायचंय. लोक निम्म्यातून घागरी घ्यायला पळतील."

काढायला गेलो तर काकांचा गळाही जाऊ लागला. शेवटी सीडीसाठी ४४.१ ची प्रत केली — आणि तिच्यात पाणीच नाही. गाणं लख्ख. हे होऊच शकत नाही. घागरीचा आवाज दोन्हींत आरामात मावतो. पाच प्रती केल्या, पाचही कोरड्या. अध्यक्ष म्हणाले, "बघा, हा दर्जा," आणि पाचही घेऊन गेले.

महिन्याभरानं काका एकटेच आले. ऑपरेशन नीट झालं होतं, आवाज गेला होता. उरली होती ती नुसती कुजबुज. कान जवळ न्यावा लागला.

"सर, त्या सीडीत तहान लागते. पहिलं द्या."

मी ४८ ची फाइल पेन ड्राइव्हवर घालून दिली. त्यांनी ती तिथंच, हेडफोन लावून, तिसऱ्या कडव्याच्या शेवटापर्यंत ऐकली आणि पेन ड्राइव्ह खिशात ठेवला. असं का झालं, हे मला आजही सांगता येत नाही. काकांनी विचारलंही नाही.