समुद्र डाव्या हाताला

“नक्की कोणालाच माहीत न्हाई, मॅडम,” असं म्हणून सर चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसायचे आणि परत डोळ्यांवर चढवायचे. तेवढ्या वेळात जो उठून गेला तो सुटला. जो बसून राहिला त्याची मधली सुट्टी संपलीच म्हणून समजा.

आखाडा बाळापूरच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी गणित. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती. ती जागा मला मुद्दाम दिली होती, असा माझा संशय आजही आहे, कारण बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या आधीच खिडकीकडे सरकवून घेतल्या होत्या.

सरांचा विषय एकच होता. देवमासे एवढ्या मोठ्या समुद्रातून हजारो किलोमीटरची वाट कशी शोधतात? आता तुम्हीच सांगा, हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाचं कुणाला काय करायचं आहे? आमच्या मुलांनी समुद्र पाहिला तो मोबाइलवर. सरांनीही तेवढाच पाहिलेला. पण ते बोलायला लागले की वाटावं, हा माणूस कालच तिकडून पोहून आला आहे.

कुणी नुसतं “मासा” म्हटलं तरी त्यांना खपत नसे. “मासा म्हणू नका. लेकराला दूध पाजणारा प्राणी हाये तो.” आणि पुढच्याच वाक्यात स्वतः देवमासा म्हणायचे. मी एकदा ते दाखवून दिलं. ते म्हणाले, “दुसरा शब्दच न्हाई ना मराठीत. मी काय करू?”

एकदा तर त्यांनी माझा डबा घेतला. विचारून घेतला, हे खरं. भाकरी म्हणजे समुद्र. वरच्या कडेला ठेचा, तो ध्रुवाकडचा थंड भाग, तिथे खायला भरपूर. खालच्या कडेला दही, तो गरम पाण्याचा भाग, तिथे पिलं होतात. मधून एक हिरवी मिरची निघाली, ती देवमाशीण.

“आता बघा मॅडम, हिला रस्ता न्हाई, पाटी न्हाई, आपल्या वारंग्यासारखा फाटा न्हाई. तरी सरळ रेषेत चालली. कशी?”

“कशी?” मी विचारलं, कारण भाकरी त्यांच्याकडे होती.

“कोणी म्हणतंय पृथ्वीचं चुंबकत्व कळतंय तिला. कोणी म्हणतंय सूर्य बघती. कोणी म्हणतंय कानानं. पाण्यात आवाज लय लांब जातो, त्याच्यावरून खालची जमीन, किनारा ओळखती. आन् पहिल्या खेपेला तर लेकरू मायच्या अंगाला लागूनच जातंय, तवाच वाट पाठ होत असंल. कदाचित सगळंच खरं असंल.” मग चष्मा निघाला. “नक्की कोणालाच माहीत न्हाई.”

घंटा झाली. मिरची भाकरीच्या मधोमध होती. मी त्या दिवशी उपाशी तासाला गेले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी दहावीत एका मुलाला विचारलं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग कोणाला होतो? होकायंत्र वापरणाऱ्याला म्हणायचं, सुटायचं. तर तो मुलगा उभा राहून शांतपणे म्हणाला, “देवमाशाला होत असंल, पण नक्की कोणालाच माहीत न्हाई.” मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच शिकवलं होतं. सर मागे उभे राहून मान डोलवत होते. त्यांच्या मते उत्तर पूर्ण बरोबर होतं.

पालक कुरकुर करायचे, पोर्शन मागे राहतो म्हणून. तो मागे राहायचाच. मी त्यांना सांगून थकले. “सर, परीक्षेला देवमासा येत नाही.” ते म्हणायचे, “म्हणून तर शिकवायचा मॅडम. जे येतंय ते पोरं गाईडातून करतातच की.” अशा माणसाशी वाद घालून तुमचा घसा कोरडा पडतो, दुसरं काही होत नाही.

मग एका वर्षी त्यांनी हट्ट धरला की नववीची सहल कोकणात न्यायची. दरवर्षी आम्ही औंढ्याच्या नागनाथाला, फार तर वेरूळला जायचो. एवढ्या लांब न्यायला मुख्याध्यापक तयार नव्हते, पालक तर नव्हतेच. सर घरोघर फिरले. मुलींना पाठवायचं तर सोबत बाई पाहिजे, म्हणून मलाही त्यांनी गोवलं. मी तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा बसमध्ये बसले.

किनाऱ्यावर उतरल्यावर सरांनी मुलांना रांगेत उभं करून सांगितलं, “समुद्र आपल्या डाव्या हाताला हाये. ध्यानात ठेवा. समुद्र कोणत्या हाताला हाये हे ज्याला माहीत, तो चुकत न्हाई.” आणि आम्ही वाळूवरून उत्तरेकडे चालू लागलो. मुलं शिंपले वेचत होती. सर सारखी डोकी मोजत होते. एवढ्या हट्टाने समुद्राला आलेला माणूस समुद्राकडे न बघताच चालत होता.

परत बसपाशी आलो तर एक मुलगी नव्हती. शांत, मागच्या बाकावर बसणारी मुलगी, तिचे वडील बाळापूरजवळच्या वाडीवर शेळ्या-मेंढ्या राखतात.  भरतीचं पाणी चढत होतं. ड्रायव्हर म्हणाला पोलिसांना फोन करा. मी बसच्या आसपासची दुकानं पालथी घातली. तिच्या मैत्रिणी रडायला लागल्या. त्यांतली एक कशीबशी म्हणाली की, आपण परत फिरलो तेव्हा ती तिथेच शिंपले धूत मागे राहिली होती.

सर जागीच थांबले. 

“मॅडम, ती इकडं यायचीच न्हाई,” ते म्हणाले. “मी डावा हात सांगितला. ती परत फिरताना बी समुद्र डाव्याच हाताला धरंल.”

म्हणजे मुलगी उलट, आणखी पुढे चालत गेलेली असणार. इतर शिक्षकांना मुलांपाशी थांबवून सर पळत सुटले. मी चपला हातात घेऊन मागे. वाळूत पाय रुतत होते, ओढणी वाऱ्याने तोंडावर येत होती आणि पळता पळता मी त्यांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते एकदाही उलटून बोलले नाहीत. फक्त पाण्याकडे बघत पळत होते.

पुढच्या गावाच्या हद्दीत बायका मासळी वाळत घालत होत्या. त्यांच्यात आमची मुलगी बसली होती, हातात बिस्किटाचा पुडा. आम्हाला पाहून ती उठली.

“सर, मी समुद्र डाव्याच हाताला ठेवला,” ती म्हणाली. आवाज रडका होता, पण चूक आपली नाही याची तिला खात्री होती. “लय चालले. पण बस आलीच न्हाई.”

सर वाळूत मटकन बसले.  मग म्हणाले, “तुझं बराबर हाये बाळा. परत फिरल्यावर हात बदलतो, हे सांगायचं माझं राहिलं.” आणि काय सांगू तुम्हाला, त्यांनी तिथेच बोटाने वाळूवर रेघ ओढून तिला ते समजावून सांगायला सुरुवात केली. तिला कळेपर्यंत सोडलं नाही. मला दोघांनाही एकेक ठेवून द्यावीशी वाटत होती. दिली मात्र नाही, त्या बायकांकडून पाणी घेऊन प्यायले.

निघताना ते म्हणाले, “मॅडम, तुमी हिला घेऊन व्हा पुढं. आलोच मी.” मागे वळून पाहते तर हे पँटसकट गुडघाभर पाण्यात. चष्मा खिशात ठेवला, वाकले आणि एक कान पाण्यात घातला. लाट आली, आडवे झाले. उठले, दुसरा कान घातला. तिकडे बसमध्ये मुलं रडताहेत, शाळेतून फोनवर फोन येताहेत, आणि हा माणूस समुद्राला कान लावून उभा.

ओलेचिंब होऊन आले. त्यांनीच सांगितलं. “काठाला लाटांचाच आवाज हाये. आत जावं लागंल.”

आम्ही परतल्यावर दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील शाळेत आले. खांद्यावर घोंगडी, आवाज अजिबात चढवला नाही. “पोरगी सापडून आणली, ते बरं केलं,” ते म्हणाले. “पण सर, इतक्या लेकरांत माझंच कसं मागं राहिलं, ते तुमच्या ध्यानात काहून आलं न्हाई?”

“माझी चूक झाली,” सर म्हणाले. मी मध्ये बोलणार होते की, त्यांनी दिवसभर मोजणी केली होती, शोधलंही त्यांनीच. त्यांनी मला हातानेच थांबवलं. घरी येताना मी त्यांच्यावर चिडले. स्वतःची बाजू कधी मांडणारच नाही का हा माणूस? तर म्हणाले, “बाप हाये तो. त्याचं ऐकून घ्यायचं असतंय.”

संस्थेने त्यांच्याकडून दहावी काढून घेतली आणि पाचवी दिली. आमच्याकडे ही शिक्षाच. सरांना वाईट वाटलं असणार, पण पाचवीची पोरं गाईड उघडत नाहीत हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. स्टाफरूममध्ये पाचवीच्या वर्गातला गोंधळ ऐकू यायचा आणि मग एकदम शांतता. ती शांतता ऐकली की मी पेपर तपासत पुटपुटायचे, निघाली परत देवमाशीण.

गेल्या वर्षी वहिनींची, म्हणजे सरांच्या पत्नीची, किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. इथून नांदेडला न्यायचं, आणायचं, त्यात दोघंही खचत चालली होती. मुलगा पुण्याला असतो. सरांची नोकरी अजून शिल्लक होती, तरी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्याच्याकडे पुण्याला जायचं ठरवलं.

निरोपाच्या कार्यक्रमात आम्ही सगळे सावरून बसलो होतो, आता तासभर तरी सुटका नाही. ते जेमतेम काही वाक्यं बोलले. “आपल्या अरबी समुद्रात एका जातीचे देवमासे हायेत. त्यांचे भाऊबंद जगभर फिरतात, पण हे कुठंच जात न्हाईत. बारा महिने इथंच. काहून, ते नक्की कोणालाच माहीत न्हाई.” आणि खाली बसले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मग तुम्ही तरी कशाला चाललात सर? इथंच राहा की.” माझा आवाज उगाचच चढला होता.

“दवाखाना तिकडं हाये, मॅडम,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी टेम्पोत सामान चढलं. वहिनींना पुढे बसवून, त्यांच्या पायांवर शाल नीट पांघरून ते गेले. जाताना मुख्याध्यापकांना सांगून गेले होते की, नवीन शिक्षक येईपर्यंत पाचवीचे त्यांचे तास गणिताच्या मॅडम घेतील. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

सोमवारी मी तणतणत वर्गात गेले. पुस्तक उघडायला सांगितलं. कुणीच उघडलं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“मॅडम, ती माय आन् तिचं लेकरू पोचले का?”

“कोण माय?”

मग सगळेच एकदम सांगायला लागले. सर रोज तासाच्या शेवटी थोडं थोडं सांगत होते. एक देवमाशीण, तिचं नुकतंच झालेलं पिलू, गरम पाण्यातून थंड पाण्याकडे निघालेली. पिलाची पहिलीच खेप. मायने कित्येक महिने काही खाल्लेलं नाही, सगळं दूध पिलाला. एका दिवशी पिलू मागे पडलं, ती थांबली. एका दिवशी वादळ झालं. मागच्या आठवड्यापर्यंत एवढंच झालं होतं.

“कुठपर्यंत आली होती ती?” मी विचारलं.

ती मुलगी फळ्यापाशी आली. टाचा उंचावून तिने एक मोठा गोल काढला, वरच्या कडेला बर्फ दाखवला, खालून वर येणारी एक वाट काढली आणि ती मध्येच थांबवून खडूने ठळक ठिपका दिला. त्याच्या शेजारी एक छोटा.

“हितं,” ती म्हणाली. “सर म्हणले, अजून लय लांब हाये.”

मला समुद्रातलं काहीएक कळत नाही. मी खडू घेतला. मुलं हाताची घडी घालून बसली होती. त्या दोन ठिपक्यांपासून मी पुढची रेघ ओढायला घेतली, आणि हळूहळू ओढली, म्हणजे लेकराला सोबत राहता येईल.