तिसऱ्या वर्षाचा पाव

सिमोनाच्या भट्टीवाचून पोतोसी या खाणींच्या गावातल्या आमच्या गल्लीत कुणाचा मेलेला जेवत नसे. नोव्हेंबर लागला की गेलेली माणसं एका दिवसासाठी घरी येतात. त्यांच्यासाठी टेबल मांडायचं आणि त्यावर पावाचं माणूस ठेवायचं. तीन वर्षं ती येतात, तिसऱ्या वर्षी पोटभर जेवून कायमची जातात. ही पावाची माणसं सगळ्यांना सिमोनाच्याच हातची लागायची.

स्वतःच्या पोराचा पाव मात्र तिनं कधी भाजला नाही. डेल्फिन खाणीत सुरुंग लावायचा. एक दिवस छत कोसळलं, तो आतच राहिला आणि प्रेत काही निघालं नाही. बाईनं तेच धरून ठेवलं. "निघाला नाही म्हणजे मेला नाही. खाणीच्या पलीकडच्या तोंडानं बाहेर पडला असेल. चिलीत असेल कुठंतरी." दोन वर्षं तिनं टेबल मांडू दिलं नाही. कुणी समजवायला गेलं की "आधी तुझ्या घरातली मेलेली मोज" म्हणून अंगावर यायची. लोकांनीही मग नाद सोडला.

यंदा तिसरं वर्ष. आदल्या दिवशी सून कासिल्डा भट्टीवर आली.

"आई, यंदा उपाशी गेला तर कायमचा उपाशी जाईल तो."

"तुला घाई झालीय त्याला मारायची. दुसरा बघून ठेवलायस वाटतं?"

कासिल्डाच्या जिव्हारी लागलं ते. पण तिनं परात ओढली नि स्वतःच पीठ मळायला बसली. तिला बिचारीला कुठलं येतंय? पीठ घट्ट झालं, एक हात लांब, एक आखूड, तोंडाच्या जागी नुसता गोळा. सिमोना लोकांचे पाव भाजत होती, पण नजर सारखी तिकडंच. शेवटी तिला राहवेना.

"हे काय केलंयस?"

"डेल्फिन."

"हा? दगड आहे दगड. माझं पोर हे खाईल होय?"

बोलून गेली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं होतं. तिनं सुनेला बाजूला सारलं, तो गोळा मोडला, अंडी नि लोणी घालून पुन्हा मळायला घेतला. मळताना रडत होती, तसंच मळत होती. खांदे रुंद केले. कपाळावर करंगळीच्या नखानं व्रण ओढला. "लहानपणी इथंच आपटला होता," एवढंच म्हणाली. भट्टीत सरकवायची वेळ आली तेव्हा मात्र हात पुढं होईनात. मग कासिल्डानं तिच्या हातांना हात लावला आणि दोघींनी मिळून त्याला आत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबल मांडलं. शेंगदाण्याचं सूप, खाणीतले लोक चघळतात ती कोकाची पानं, मक्याची दारू, मधोमध तो. पावाच्या बदल्यात प्रार्थना म्हणत दारोदार फिरणारा म्हातारा अनाक्लेतो आला. टोपी काढून त्यानं रीतीप्रमाणे विचारलं, "कुणासाठी म्हणू?"

नाव घरच्यांनीच सांगायचं असतं. आणि ते एकदा सांगितलं की माणूस गेलेल्यांत जमा. कासिल्डा सासूकडं बघत राहिली.

"डेल्फिनसाठी," सिमोना म्हणाली. "माझा मुलगा."

म्हातारा पुटपुटायला लागला. तिनं त्याला थांबवलं.

"जरा मोठ्यानं म्हणा, आजोबा. सुरुंगांनी कान गेलेत त्याचे."