वाढलेलं वजन

"हे वजन अंगाचं नाही, पाण्याचं आहे," असं म्हणून डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

मी त्या खळग्याकडे बघतच राहिलो. कामठीतल्या आमच्या गल्लीत मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो, "सुमनची तब्येत सुधारून राहिली. चांगली भरली आता."

तिला हार्ट फेल्युअर आहे हे आधीच कळलं होतं. म्हणजे हृदय बंद पडलेलं नसतं, त्याची रक्त ढकलायची ताकद कमी झालेली असते. तिच्या हृदयाची डावी बाजू कमजोर होती. मी बस चालवायची नोकरी संपवून घरीच होतो, म्हणून स्वयंपाक हाती घेतला. तिला जेवण जात नव्हतं. तोंडाला चव यावी म्हणून ताटात रोज लोणचं, पापड वाढायचो. वजनाचा काटा पुढे सरकला की मला माझ्याच हाताचं कौतुक वाटायचं.

नागपूरच्या दवाखान्यात पुन्हा इको केला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बाहेर बाकावर बसलो असताना मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. पोट फुगलेलं, आणि गळ्याची हाडं वर आलेली.

"आता राइट व्हेंट्रिकलही थकलंय," डॉक्टर म्हणाले. हा हृदयाचा उजवा, खालचा कप्पा. अंगभर फिरून आलेलं रक्त तो फुप्फुसांकडे पाठवतो. तो थकला की रक्त मागे तुंबतं, पाणी पायांत आणि पोटात साचतं. भूकही त्यानंच मरते.

"मग पुढं कसं, साहेब?"

"दोन्ही बाजू कमजोर झाल्या की आजार जास्त अवघड होतो. खोटी आशा देणार नाही. पण पाणी उतरवता येईल, त्रास कमी करता येईल. मीठ कमी करा. रोज सकाळी वजन बघा. एकदम वाढलं तर थांबू नका, लगेच कळवा."

मीठ! "लोणचं मीच वाढत होतो," मी म्हणालो.

"नुसत्या लोणच्यानं उजवी बाजू थकत नाही, काका."

ऐकलं, पण मनाला पटलं नाही.

तिला भरती केलं. डाययुरेटिक, म्हणजे अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध, शिरेतून सुरू झालं. पायांवर पांघरूण घालताना तिची बोटं मोकळी दिसली.

"जोडवी कुठं गेली?"

"काढून ठेवली. रुतून राहिली होती."

"मले सांगितलं काहून नाही वं?"

"तुम्ही किती खूश होते. मले झोपलं का दम लागे. पण तुम्ही काट्याजवळ उभे राहून हासत होते. म्हटलं, कशाले यांचा आनंद घालवू."

पाणी आणायच्या निमित्तानं मी बाहेर आलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. माझ्या खुशीनंच तिचं तोंड बंद केलं होतं.

पाणी उतरल्यावर ती अर्धी दिसू लागली. इतके दिवस ती आतून वाळत होती, आणि मी तिला भरलेली म्हणत होतो.

तुमच्या घरी असा आजार असेल तर काटा जरूर बघा. पण माणसालाही विचारा, आणि नको ते उत्तर आलं तरी चेहरा पडू देऊ नका.

सुमनच्या हृदयाची उजवी बाजू बरी झालेली नाही. माझं मनही हलकं झालेलं नाही. पण परवा सकाळी ती आपणहून म्हणाली, "आज पाय जड वाटून राहिले. अन् तुमचं वरण लय पाणचट झालं."

मी आधी डॉक्टरांना फोन लावला. मग तिच्याजवळ येऊन बसलो आणि म्हणालो, "अजून सांग वं."