पातळबाईंचा अर्ज

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सगळे त्यांना मागून पातळबाई म्हणत, तोंडावर ताई. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा आणि यंत्राच्या पात्यावर त्याचे काप काढायचे, हे त्यांचं काम. काप एवढा पातळ, की जवळ कुणी शिंकलं तरी गेला. आमच्या हातून निघायचे ते एकतर फाटके, नाहीतर सुरकुतलेले. ताईंच्या पात्याखालून सलग फीत निघायची. ती कोमट पाण्यावर सोडायची, ब्रशच्या टोकाने सारखी करायची आणि खालून काच सरकवून अलगद उचलायची. मी शेजारच्या टेबलावर त्या काचांना रंग द्यायचे. अकरा वर्षं शेजारी बसले, म्हणून पुढचं सगळं मला जवळून दिसलं.

"रोग आहे की नाही ते डॉक्टर सांगतात," त्या म्हणायच्या, "पण त्यांना दिसावं लागतं ना आधी."

ताई चव्वेचाळीस वर्षांच्या असताना परदेशातल्या एका रुग्णालयाने त्यांची व्हिडिओवर मुलाखत घेतली. चरबीचा तुकडा नीट कापला जात नसेल तर काय करता, असं विचारलं. ताई त्यावर वीस मिनिटं बोलल्या. आठवड्याभरात नोकरीचं पत्र आलं. रुग्णालय कायमच्या व्हिसासाठी अर्ज करणार होतं; ताई, त्यांचे मिस्टर आणि सोळा वर्षांची लेक, तिघांसाठी. मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "लिफ्ट काय, सगळीकडे बंद पडतात. मला काम मिळेल."

अर्जाचं काम बघणारे वकील तिकडचेच, पण आपल्या भाषेतले. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. ताईंच्या हाताला मेण होतं, म्हणून फोन मी धरला होता. वकील म्हणाले, "ताई, दोन दारं आहेत. एक 'कुशल कामगार'. त्यात दोन वर्षांचा अनुभव दाखवला की भागतं. दुसरं 'व्यावसायिक'. तिथे पदवी लागते. रांग दोन्हीकडे सारखीच आहे आणि रुग्णालयाला दोन्ही चालेल. मला विचाराल तर पहिलं सोपं."

"कामगार?" ताई म्हणाल्या. "माझी पदवी आहे. वर लॅबचा डिप्लोमा आहे. मी कामगार म्हणून कशाला जाऊ?"

"नुसता शब्द आहे हो तो."

"शब्दच असतो सगळा. व्यावसायिक लिहा."

ताईंचे वडील गोदामात पोती उचलायचे. लेकीला शिकवताना त्यांनी एवढंच मागितलं होतं, की तिला कुणी 'ए कामगार' म्हणून हाक मारता कामा नये. हे मला माहीत होतं. वकिलांना कुठून माहीत असणार?

मग वाट बघणं सुरू झालं. त्या देशात या कामाला दुसरं कुणी मिळत नाही, हे रुग्णालयाने आधी सरकारला दाखवून द्यायचं होतं. जाहिराती, मुदती, शेरे यांतच पावणेतीन वर्षं गेली. इकडे ताईंचं एक पाऊल दारात आणि एक दाराबाहेर. विभागप्रमुखाची जागा निघाली, मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावलं, तर म्हणाल्या, "मी जाणार. उगाच खुर्ची कशाला अडवू?" जागा नवीला मिळाली. नवी म्हणजे आमच्यातली शेवटी आलेली. सात वर्षं झाली तरी नाव तेच. तिला पातं धरायला ताईंनीच शिकवलं होतं.

लेकीची बारावी झाली. तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळत होता. घरात ठरलं, इथे अर्धवट सोडून जाण्यापेक्षा तिकडेच सुरुवात करावी. वर्षाचाच तर प्रश्न. ती टायपिंग शिकली, मग तिकडची भाषा, मग आणखी कसलेसे कोर्स केले. मैत्रिणी दुसऱ्या वर्षाला गेल्या तेव्हा तिने त्यांच्याकडे जाणं बंद केलं.

शेवटी व्हिसाचा मुख्य अर्ज गेला. सात महिन्यांनी तिकडच्या सरकारची एक शंका आली, तिला वकिलांनी उत्तर दिलं. आणखी पाच महिन्यांनी नकार आला.

तो समजून घ्यायला ताईंनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन मध्ये, आम्ही चौघं भोवती.

वकील सावकाश सांगत होते. "तुमची पदवी तीन वर्षांची. त्यांची चार वर्षांची. एक वर्ष कमी पडतं."

"डिप्लोमा एक वर्षाचा आहे की," मिस्टर म्हणाले. "तीन आणि एक चार."

"तो दुसऱ्या संस्थेचा. दोन तुकडे जोडून पदवी होत नाही, असं त्यांचं म्हणणं."

"आणि माझी बावीस वर्षं?" ताईंनी विचारलं.

"व्यावसायिक गटात अनुभव पदवीची जागा घेत नाही, ताई."

"दुसऱ्या गटात चालला असता?"

वकील म्हणाले, "दोन वर्षंच लागत होती." तुम्हीच नको म्हणालात, असं काही ते बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

"मग आता बदला गट," मिस्टर म्हणाले.

"नुसता बदलता येत नाही. रुग्णालयाने सरकारला दाखवलं त्यातच पदवी लिहिलीय. जाहिरातीपासून सगळं पुन्हा. रांगेतली जागा जाईल. आणि लेक किती वर्षांची आता?"

"वीस," लेक स्वतःच म्हणाली.

"एकवीस झाल्यावर मूल आईबापांच्या अर्जात धरत नाहीत. थोडी सवलत असते, पण एवढी वर्षं ती पुरायची नाही."

फोन ठेवल्यावर मिस्टरांनी सगळे कागद पुन्हा तारखेप्रमाणे लावले. ते कुणीही विसकटलेले नव्हते. लेक उठली, जाताना आईला म्हणाली, "तुम्ही दोघं जा ना. मी राहते." रागाने नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तशी.

ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तेलही गेलं, तूपही गेलं." म्हणीतलं धुपाटणं त्यांच्या तोंडातून निघालं नाही.

नव्या अर्जाचं ठरेपर्यंत रुग्णालयाचं पत्र आलं. चार वर्षं जागा रिकामी ठेवली, आता काम बाहेरच्या लॅबला दिलं आहे, आपल्याला शुभेच्छा. दोनच ओळी होत्या.

ताई कामावर येत राहिल्या. नवी बिचारी चांगली होती. रजेच्या अर्जावर सही करताना तिला कानकोंडं व्हायचं. मग ताईंनीच रजा मागणं सोडलं. जेवायच्या सुट्टीत त्या आमच्यात बसेनात. एकदा शोधत गेले, तर जुन्या वड्या ठेवायच्या खोलीत, उघड्या खणापुढे बसलेल्या. खणात मेणाच्या वड्या ओळीने, प्रत्येकीवर नंबर.

"ह्या सगळ्या मी कापल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणे अनुभव हवा होता, तेव्हा मी पदवी दाखवत बसले. बाबांना काय वाटलं असतं, हे बघत बसले. बाबा जाऊन एकोणीस वर्षं झाली गं. जिवंत होती ती लेक."

"तुम्हाला काय ठाऊक असं होईल," मी म्हटलं.

"वकिलांनी सांगितलं होतं. सोपं कुठलं ते सांगितलं होतं."

मी खण लावून घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू दे."

लेकीला एका कुरिअर कंपनीत तक्रारी ऐकायची नोकरी लागली. कॉलेजचं कुणी काढलं की म्हणते, आता धाकट्या पोरांत कुठे बसू. मिस्टरांनी आणखी दोन वकिलांना विचारून पाहिलं. दोघांनी तेच सांगितलं, एकाने जरा गोड शब्दांत. ताईंना त्यांनी ते कळवलं नाही, मला कळवलं.

गेल्या महिन्यापासून ताईंच्या कापांना बारीक चिरा पडायला लागल्यात. पातं बदललं, यंत्र तपासलं. दोष त्यांत नाही. मी त्या काचा रंगवून वेगळ्या ठेवते आणि ताई घरी गेल्या की त्याच वड्यांचे काप पुन्हा काढते. मला जमतील तसे, आणि डॉक्टरांकडे तेच पाठवते. मोठ्या डॉक्टरांनी परवा विचारलं, "हल्ली ताई बऱ्या आहेत ना?"

मी हो म्हटलं.