एका सेकंदानेही न चुकणारं घड्याळ

आमच्या घरातलं पहिलं अचूक घड्याळ मी बनवलं आणि त्याच घड्याळापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. शेलूबाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका मासिकात बघून मी लाल आकड्यांचं इलेक्ट्रॉनिक घड्याळ जुळवायला घेतलं. आमच्याकडची वीज लहरी, तिच्या भरवशावर वेळ मोजली तर घड्याळही लहरी होणार. म्हणून खास मुंबईहून क्वार्ट्झचा क्रिस्टल मागवला आणि विजेच्या जोडीला मोटारसायकलची जुनी बॅटरी लावली. मग दोन महिने रोज रेडिओच्या वेळेशी ताडून मी एक बारीक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत बसलो. (एवढं लक्ष गिऱ्हाइकांच्या रेडिओत घातलं असतं तर!) शेवटी आठवड्याला एका सेकंदाचाही फरक पडेना. त्या दिवशी भिंतीवरचं चावीचं घड्याळ उतरवून मी माझं टांगलं.

त्या जुन्या घड्याळाची एक गंमत होती. घरचे वेळेवर निघावेत म्हणून बाबांनी ते कायम अर्धा तास पुढे ठेवलेलं असे. आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे जो तो घड्याळ बघायचा, मनात अर्धा तास वजा करायचा आणि निवांत चहा मागायचा.

दुसऱ्याच दिवशी इंझोरीला मुलगी पाहायला जायचं होतं. तिचे वडील हेडमास्तर. दहा म्हणजे दहा, असा निरोप होता. आधीचा एक मुलगा तासभर उशिरा गेला, तर त्याला नुसत्या चहावर वाटेला लावलं होतं. मला मात्र ती मुलगी हवीच होती. एका लग्नात तिला पाहिल्यापासून माझं जेवणावरचं मन उडालं होतं.

बस साडेसातची. सात वीस झाले तरी माय पातळच निवडत होती.

"सात वीस झाले," बाबा म्हणाले.

"म्हंजे सातले धा कमी. दम धरा जरा," माय म्हणाली. ते पटून बाबांनी दाढीला साबण लावला आणि मी बुटांना दुसऱ्यांदा पॉलिश करायला बसलो.

स्टँडवर पोचलो तर बस गेलेली! बाबा कंट्रोलरवर भडकले. वेळेआधी गाडी सोडली कायले, म्हणून त्यांनी त्याचं खानदान काढलं. तो शांतपणे मला म्हणाला, "तुमच्या घड्याळात किती झाले?"

मी छाती फुगवून सांगितलं, "निघालो तवा सात पस्तीस. आन् ते एका सेकंदानं बी चुकत नाही."

"मंग बरोबर हाय. माह्यं बी तेच सांगून राह्यलं."

मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मायकडे पाहिलं आणि मायनं पदर सारखा केला.

तुरीची पोती वाहणाऱ्या जीपमधून आम्ही बाराला इंझोरीत उतरलो, तेव्हा माझ्या पॉलिशवर इंचभर धूळ होती. हेडमास्तरांनी चहा मागवला. नुसता चहा. बाबांनी घाईघाईनं माझं कौतुक सुरू केलं, की पोरानं स्वतःच्या हातानं घड्याळ बनवलंय, सेकंदाचाही फरक पडत नाही.

हेडमास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहिलं. "मंग चुकलं कोन?"

मी सगळं खरं सांगून टाकलं.

"अर्धा तास वजा कोनं केला?"

"सगळ्याईनं."

"घड्याळ बनवनाऱ्यानं बी?"

"त्यानं तं सगळ्यात आधी केला, गुरुजी."

आतल्या खोलीतून कुणीतरी खळखळून हसलं. हेडमास्तरांनी दाराकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसू दाबलं आणि जेवणाची ताटं मांडायला सांगितली.

ती हसणारी सुनंदा लग्न होऊन घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं माझं घड्याळ पुढे केलं. किती पुढे, ते सांगितलं नाही. मी रेडिओशी ताडून पाहिलं, की दुसऱ्या दिवशी ती फरक बदलते. तेव्हापासून आमची एकही बस चुकलेली नाही. क्रिस्टल अजून ठणठणीत आहे, फक्त किती वाजले हे मला बायकोला विचारावं लागतं.