भिंतीवरून आलेलं निर्माल्य

दादा, वहिनी,

लग्नानंतर परभणीहून इकडे यायला काचीगुड्याच्या गाडीत बसले, तेव्हा आई खिडकीशी उभी राहून डब्यातलं काय किती दिवस टिकेल ते सांगत होती. गाडी हलली तरी ती लोणच्यावरच होती. मला रडू आलं नाही, चीड आली. त्याला तीस वर्षं झाली. आता मी फोनवर 'हो'च्या जागी 'हौ' म्हणते आणि वहिनी हसतात.

वहिनी, तुम्ही विचारता, शाळेतून रिटायर होऊन दिवसभर करता काय? कचरा उचलते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. डायपर, बिर्याणीची हाडं, एकदा तर मेलेली घूस. नाक दाबून आम्ही सातआठ बायकांनी तो साफ केला. सोबत यादम्मा होती, आमच्या बिल्डिंगचे जिने झाडणारी. भोपळा, दोडके, टमाटे लावले. शुक्रवारी ती भाजी बिल्डिंगमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामकरी बायांनी न्यायची, यादम्मानेही, असं ठरलं. मधमाशी फिरली नाही तर भोपळा धरत नाही, म्हणून कडेने झेंडू, तुळस, गोकर्ण लावली.

रोज सकाळी फुलं गायब. वॉकिंगला येणारी मंडळी कॅरीबॅग भरून नेत. तुळशीच्या मंजिऱ्यासुद्धा खुडलेल्या. मधमाश्या यायच्या बंद झाल्या, सुपारीएवढे भोपळे पिवळे पडून गळले. आणि आठ दिवसांनी तीच फुलं गाठ मारलेल्या पिशवीत, काळी, बुळबुळीत होऊन, उदबत्तीच्या काड्यांसकट भिंतीवरून परत आत. मला माणसांची किळस यायला लागली. तोंडात देवाचं नाव आणि हातात ही घाण. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकेकाला भुरटा म्हटलं, बागेत उभी राहून शिव्या घातल्या.

गेल्या महिन्यात अशी एक पिशवी कापली. आत अळ्या वळवळत होत्या, आणि त्यांच्यात कापसाचं गेजवस्त्र. पाच मणी आणि मग गाठ. आईने मला शिकवलेलं, या गल्लीत दुसरं कुणी तसं करत नाही. मी तिथेच भिंतीशी ओकले.

घरी येऊन ह्यांना विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "देवाला फूल नेताना विचारायचं नसतं. तुझी आईच म्हणायची ना?"

म्हणायची. शेजाऱ्यांची जास्वंद मीच तर फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायची. इथे मात्र मी समजत होते, हे स्टेशनजवळच्या फूलवालीकडून आणतात. पुडीला कधी पान नसायचं, दोरा नसायचा. दिसत होतं, मी बघितलं नाही. देव्हाऱ्यासमोर बसायचीही मला शिसारी आली.

शुक्रवारी यादम्माला सांगितलं, भाजी नाही, चोर माझ्याच घरात आहे.

"मालूम है अम्मा," ती म्हणाली. "साब कू रोज देखती मैं. आप इत्ता चिल्लाते थे, कैसा बोलना?"

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी तोंड सोडायचे तेव्हा बागेतल्या सगळ्या बायका खाली मान घालून खुरपत राहायच्या.

दादा, तू म्हणतोस, आता घरी परत ये. घर तिकडेच आहे असं मीही इतकी वर्षं म्हणत आले, म्हणून इथल्या घाणीला नावं ठेवणं सोपं गेलं. आता या गल्लीला 'ह्या लोकांची' म्हणायला मला तोंड राहिलं नाही. येत्या शुक्रवारीही यादम्माची पिशवी रिकामीच जाणार आहे, आणि मला तिथे तिच्यासमोर उभं राहायचं आहे.